घरची शुश्रूषा : मद्रासचा एक प्रयोग

क्षय झाला म्हणजे रोग्याने घर सोडावे, ही समजूत आपल्याकडे दोन-तीन पिढ्या दृढमूल होऊन बसली होती. मराठी कुटुंबांत या समजुतीला पांचगणी, मिरज अशी गावांची नावेच पडली होती. अमक्यांच्या थोरल्या मुलाला पांचगणीस ठेवले आहे, एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नसे. ज्यांच्यापाशी पैका होता ते दागिने मोडून, शेत गहाण टाकून रोग्याला डोंगरावर पाठवीत. ज्यांच्यापाशी तेवढेही नव्हते ते माजघरातल्या एका कोपऱ्यात त्याचे अंथरूण घालीत आणि वाट पाहत. रोग धनिक-दरिद्री असा भेद करीत नसला, तरी औषध नसलेल्या काळात त्याच्यापुढे विद्येचाही इलाज चालत नसे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या, त्या क्षयाने पोखरलेल्या शरीरानेच. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचा अंत झाला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढल्याचे बर्लिन येथे जाहीर केले, त्याला तेव्हा पाच वर्षेही झालेली नव्हती. पुढे जवळजवळ अर्धशतकाने, १९३६ साली, कमला नेहरूंना युरोपातल्या उत्तमोत्तम आरोग्यधामांचा उपचार लाभूनही त्या वाचल्या नाहीत. जंतू सापडला होता; त्याला मारणारे औषध सापडले नव्हते.

औषध नाही तेथे शुश्रूषा हेच औषध. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, लोणी यांचा पौष्टिक आहार, आणि दिवसातून चार वेळा ताप पाहून भरलेला तक्ता, एवढ्या सामग्रीवर आरोग्यधामांची सारी इमारत उभी होती. सायलेशियातील गोर्बर्सडॉर्फ या खेड्यात हेर्मान ब्रेमर या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही पद्धत सुरू केली व तेथून ती जगभर पसरली. तीत काही गुण नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तिचा एक दोष असा की, ती ज्यांना परवडे त्यांच्यासाठीच होती.

हिंदुस्थानच्या बाबतीत हा दोष किती मोठा होता ते १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालावरून दिसते. देशात त्या वेळी क्षयाचे सुमारे २५ लाख रोगी असावेत व दरसाल सुमारे ५ लाख माणसे या रोगाने मरत असावीत, असा समितीचा अंदाज होता. त्यांच्यासाठी रुग्णालये व आरोग्यधामे मिळून खाटा होत्या अवघ्या ६००० च्या आसपास. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून अधिक रोगी! परिचारिकांचा हिशेब याहून निराळा नव्हता. सर्व देशात शिकलेल्या परिचारिका सुमारे ७०००, म्हणजे ४३००० माणसांमागे एक. खाटा वाढवून हा प्रश्न सोडवायचा तर किती वर्षे व किती कोटी रुपये लागतील, याचे त्रैराशिक कोणाही कारकुनाला मांडता आले असते. ते मांडल्यावर उत्तर पाहण्याचे धैर्य मात्र थोड्यांनाच झाले असते.

रोग्याने घर सोडण्याऐवजी परिचारिकेनेच रोग्याच्या घरी जावे, हा विचार तसा नवा नव्हता. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी पत्नीच्या अखेरच्या दुखण्यात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेची सेवा पाहिली होती. पत्नीच्या मृत्यूनंतर, १८५९ साली, त्यांनी या बाईंना शहरातील गरीब वस्तीत घरोघर जाऊन रोग्यांची शुश्रूषा करण्यासाठी नेमले. महिनाभरातच त्या बाई परत आल्या आणि तेथले हाल पाहवत नाहीत, मला या कामातून सोडवा, असे विनवू लागल्या. रॅथबोन यांनी त्यांची समजूत घातली व त्या पुन्हा कामाला लागल्या. त्यांच्या त्या परत जाण्यातून गृहपरिचर्येची संस्था जन्माला आली. याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे परिचर्येवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. ते रुग्णालयांतील परिचारिकांसाठी लिहिले असावे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते घरात कोणाचे ना कोणाचे आजारपण काढावे लागणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होते. क्षयाच्या बाबतीत एडिंबरोचे रॉबर्ट फिलिप यांनी १८८७ साली खास दवाखाना उघडला व तेथून रोग्यांच्या घरी जाऊन राहणी पाहण्याची व शिकवण देण्याची प्रथा पाडली. आपल्याकडे १९१८ साली दिल्लीत लेडी रीडिंग आरोग्यशाळा निघाली व घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांचे शिक्षण सुरू झाले. पुण्याच्या सेवासदनाने तर रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखाली तरुण विधवांना परिचर्येच्या व्यवसायाकडे वळविले होते, आणि तेही अशा काळात की जेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम कुलीन घरच्या बाईने करावे ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती.

तथापि हातात औषध नसता घरी जाऊन परिचारिका करणार काय? धीर देणार, थुंकीचे भांडे झाकून ठेवायला सांगणार, खिडकी उघडायला लावणार. या गोष्टी लहान नव्हेत. पण त्यांनी रोग हटत नसे. चित्र पालटले ते महायुद्धाच्या अखेरच्या काळात. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीन सापडले, त्यामागोमाग पॅरा-अमायनो-सॅलिसिलिक आम्ल, म्हणजेच डॉक्टरांच्या बोलण्यातले 'पास', आले. आणि १९५२ साली आयसोनियाझिडचा गुण जगाला कळला. शेवटचे औषध स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते आणि विलक्षण परिणामकारक होते. ते एकटे दिल्यास मात्र जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून त्याच्या जोडीला पास द्यावे लागे. दोन्ही पोटात घेण्याची औषधे. मग त्यासाठी डोंगरावर कशाला जायचे?

हा प्रश्न विचारणे सोपे होते, पण त्याचे उत्तर तर्काने मिळण्यासारखे नव्हते. अर्धपोटी राहणारा, एका खोलीत सहा-सात माणसांबरोबर झोपणारा, आजारातही मजुरीला जावे लागणारा माणूस केवळ गोळ्या खाऊन बरा होईल, यावर विश्वास ठेवण्यास त्या काळचे अनेक नामांकित वैद्य तयार नव्हते. शिवाय घरातल्या मुलाबाळांचे काय? रोगी घरी ठेवला तर तो सगळ्या घराला रोग देईल, ही भीती अवास्तव म्हणता येत नव्हती.

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी १९५६ साली मद्रासमध्ये चेतपट भागात एक केंद्र उघडण्यात आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते चालविले, आणि डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख होते. शहरातील गरीब वस्तीतून १९३ रोगी निवडले गेले. सर्वांच्या थुंकीत जंतू होते. घरी कोणी राहायचे आणि आरोग्यधामात कोणी जायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा रोग्याच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ठरविण्यात आले. ही रीत ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसीनच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने रूढ केली होती. औषध दोन्ही गटांना एकच, मुदत एकच, एक वर्ष. फरक एवढाच की, एका गटाला स्वच्छ खाट, भरपूर विश्रांती, चांगले जेवण आणि चोवीस तासांची परिचर्या मिळणार. दुसऱ्याला आपले घर.

'आपले घर' या दोन शब्दांत मात्र पुष्कळ काही सामावले होते, आणि ते सांभाळण्याचे काम केंद्राच्या आरोग्यसेविकांवर येऊन पडले. डॉक्टरांची नावे शोधनिबंधांवर छापली गेली, ते योग्यच झाले. पण या प्रयोगाचे यश ज्या पायांनी मद्रासच्या गल्ल्या तुडविल्या त्यांच्यावरही तितकेच अवलंबून होते. रोगी दर आठवड्यास केंद्रावर येऊन औषध नेई. सेविका घरी जाई. घरात माणसे किती, झोपण्याची जागा किती, कमावते कोण, स्वयंपाक कोण करते, शेजारी काय म्हणतात, हे सर्व जाणून घेतल्याशिवाय त्या रोग्याला काय सांगावे हेच ठरत नसे. आज परिचारिकांच्या शाळांत 'परिचर्येचा आराखडा' म्हणून जे शिकवितात ते याहून फारसे निराळे नाही : आधी पाहायचे, मग त्याची अडचण कोणती ते ओळखायचे, मग झेपेल तेवढेच सांगायचे, आणि पुन्हा जाऊन त्यातले किती जमले ते पाहायचे. एका खोलीच्या घरात रोग्याला स्वतंत्र खोली द्या, असे सांगणारी परिचारिका पुस्तकाप्रमाणे बरोबर असते आणि त्या घरापुरती निरुपयोगी. खोकताना तोंडावर फडके धरावे, थुंकी झाकणाच्या भांड्यात टाकून मग जाळावी किंवा पुरावी, तान्ह्या मुलाला शेजारी घेऊन झोपू नये, इतके मात्र बहुतेक घरांत साधते.

सर्वांत अवघड शिकवण औषधाची होती. पासची मात्रा रोज कित्येक ग्रॅम. चव कडवट, पोटात ढवळणे, मळमळ, जुलाब. उलट आयसोनियाझिडची मात्रा चिमूटभर व त्याचा त्रास जवळजवळ नाही. दोन्ही वेगवेगळी दिली तर रोगी लहान गोळी घेईल आणि कडू पूड टाकून देईल, हे ओळखून केंद्राने दोन्ही औषधे एकाच पुडीवजा कॅशेत भरली. घ्यायचे तर दोन्ही, नाही तर एकही नाही. माणसाच्या स्वभावाचा इतका साधा आणि अचूक विचार शास्त्रीय ग्रंथांत क्वचितच आढळतो.

पण याहूनही मोठी अडचण निराळीच होती, आणि ती औषधाच्या गुणातूनच उत्पन्न झाली होती. काही आठवड्यांत ताप जाई, खोकला कमी होई, भूक लागे, वजन वाढे. बरे वाटू लागले की रोगी कामावर जाई, आणि औषध मागे पडे. बरे वाटणे आणि बरे होणे यांत दहा महिन्यांचे अंतर आहे, हे ज्याला अजिबात काही होत नाही अशा माणसाला कसे पटवावे? दुखणाऱ्या माणसाला औषध देणे सोपे असते. न दुखणाऱ्याला ते घ्यायला लावणे ही परिचर्येची खरी कसोटी. सेविका अवचित घरी जाऊन उरलेल्या कॅशे मोजीत, आणि लघवीचा नमुना मागत. पास पोटात गेले असेल तर एका रसायनाचे थेंब टाकताच नमुन्याचा रंग पालटतो, न गेले तर पालटत नाही. या परीक्षेत असे दिसून आले की, औषध नेमाने घेतो असे सांगणारे सर्वच जण ते घेत होते असे नाही. डॉ. फॉक्स यांनी १९५८ साली या विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यात त्यांनी हा दोष मद्रासच्या अशिक्षितांच्या माथी मारला नाही. स्वतःच्या हाताने दीर्घकाळ औषध घेण्याची वेळ आली की सर्व देशांतले रोगी असेच वागतात, असे त्यांचे म्हणणे होते.

वर्ष संपले आणि १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आरोग्यधामातील रोग्यांपैकी शेकडा ९२ व घरच्या रोग्यांपैकी शेकडा ८६ यांचा रोग शांत झाला होता. फरक अगदी थोडा; आणि त्याहून कितीतरी मोठा फरक पडेल अशी ज्यांची खात्री होती त्यांना हे आकडे पुन्हा पुन्हा वाचून पाहावे लागले. पुढे पाच वर्षे या रोग्यांवर व त्यांच्या कुटुंबीयांवर नजर ठेवण्यात आली. रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. घरातल्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही, रोगी घरी राहिला म्हणून वाढलेले दिसले नाही. जो धोका होता तो मुख्यतः औषध सुरू होण्यापूर्वीचा होता. डोंगरावरच्या हवेचे माहात्म्य त्या दिवशी संपले. खाटांचे ते भयंकर त्रैराशिकही निकालात निघाले. १९५९ साली बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि १९६२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांतून, रोग्याला घरी ठेवूनच औषध देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. जगातील इतर देशांनीही यथावकाश हाच मार्ग धरला.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. एरवी इतिहास फार गोड होतो. कार्यक्रम आखताना अधिकारी वर्गात असे गृहीत धरले जाई की, खेड्यातला माणूस अडाणी, त्याला रोग कळत नाही, तो देवऋष्याकडे जातो, म्हणून त्याला आधी शिकविले पाहिजे. बंगलोरच्या संस्थेतील समाजशास्त्रज्ञ देबाबर बॅनर्जी व त्यांचे सहकारी स्टिग अँडर्सन यांनी तुमकूर जिल्ह्यातील रोग्यांच्या भेटी घेऊन हे गृहीत तपासून पाहिले आणि १९६३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ सर्व रोग्यांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती, बहुतेकांना त्याची काळजी होती, आणि निम्मे लोक आधीच एखाद्या दवाखान्याची पायरी चढून आले होते. तेथे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती पडली होती खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी तपासण्याचे कोणाला सुचले नव्हते! शिक्षणाची गरज होती यात शंका नाही. ती कोणाला होती, एवढाच काय तो प्रश्न.

मद्रासचे केंद्र आपल्या पहिल्या यशावर थांबले नाही. रोगी स्वतः औषध घेत नसेल तर ते समक्ष द्यावे, आणि रोज येणे जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा, मोठ्या मात्रेत द्यावे, असा प्रयोग तेथे झाला व १९६४ साली तो यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. समक्ष औषध देण्याच्या ज्या पद्धतीचा पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतर पुरस्कार केला, आणि जी भारतात १९९७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तिचे मूळ येथे आहे. ती उपयुक्त ठरली, तरी तिच्यात एक उणीव होती. सेविका घरी जाई तेव्हा ती रोग्याचा संसार पाहत असे. रोग्यालाच गोळी गिळण्यासाठी केंद्रावर यावे लागले तेव्हा केंद्राने फक्त त्याचे तोंड पाहिले. ज्याची रोजची मजुरी बुडते तो चार दिवस आला नाही की नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'डिफॉल्टर' असा शेरा पडे. कर्ज बुडविणाऱ्याला लावावयाचा हा शब्द रोग्याला लावताना कोणालाच काही वाटत नसे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्यांतून तो काढून टाकण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

मद्रासच्या प्रयोगातून आणखी एक निष्कर्ष निघाला होता, आणि त्याचा अर्थ लावताना मात्र फार मोठी चूक झाली. घरच्या रोग्यांचा आहार आरोग्यधामातील आहारापेक्षा पुष्कळच निकृष्ट होता. त्यांचे वजनही कमी वाढले, आणि तरीही ते बरे झाले, असे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविण्यात आले. निबंधाचे म्हणणे एवढेच होते की, औषध पुरेसे असेल तर आहार कमी पडला म्हणून रोग हटण्याचे राहत नाही. शासनाच्या कानी ते 'आहाराची गरज नाही' असे पडले. खर्चाच्या तक्त्यातून एक मोठी रक्कम वगळता येत असेल तर शास्त्राचे वाक्य अर्धेच ऐकण्याची सवय सर्व काळच्या शासनांना असते. पुढे अनेक दशके क्षयरोग्याला गोळ्या फुकट मिळाल्या. दुधाचा प्रश्न त्याचा त्याने सोडवावयाचा होता.

त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग ऐकू यायला साठ वर्षे लागली. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी चाचणी घेतली. २८०० रोगी व त्यांच्या घरातील १०३४५ माणसे तीत होती. सर्व रोग्यांना सहा महिने रोज सुमारे १२०० उष्मांक व ५२ ग्रॅम प्रथिने मिळतील इतका शिधा देण्यात आला. घरातील इतर माणसांना तो निम्म्या ठिकाणी दिला, निम्म्या ठिकाणी नाही. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी निघाले. आणि रोग्यांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यू कितीतरी कमी झाले. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०१८ पासून रोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास प्रारंभ केला होता. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये करण्यात आली.

झारखंडच्या त्या घरांत शिधा पोहोचविणारे कार्यकर्ते तांदूळ, डाळ, दुधाची पूड व तेल यांबरोबर वजनाचा काटाही घेऊन जात. रोग्याला त्यावर उभे करीत, आकडा वहीत लिहीत, आणि मग घरातल्या प्रत्येकाला त्यावर उभे राहायला सांगत.